पाच मिनिटांची लाळ

दहाही बोटं तिनं तपासून पाहिली. खिडकीच्या उजेडात धरून, एकेक पेर दाबून, नखांच्या कडा मागे ओढून. कुठेच काही नव्हतं. आणि समोर टेबलावर पांढऱ्या सदऱ्याच्या कफावर रक्ताचा डाग होता. शिवणघरात रक्ताचं कुणाला नवल नव्हतं. सुई टोचायचीच, आणि टोचली की थेंब पांढऱ्यावरच पडायचा, काळ्यावर पडलेला अजून पाहिला नाही, असं मास्तर म्हणायचे. त्यावरचा उपायही सगळ्यांना पाठ होता. पाणी नको, साबण नको. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. पांढऱ्या दोऱ्याचा बोळा तोंडात भिजवायचा, डागावर ठेवायचा, हलकेच उचलायचा. डाग बोळ्यात येतो, कापड कोरं राहतं. शेजारणीची थुंकी चालत नाही म्हणे, आपलीच लागते. चौदा वर्षांत तिनं असे कितीतरी ठिपके उचलले होते, आणि दर वेळी मनात किंचित गंमत वाटायची की आपल्याच अंगातलं एक पाणी दुसऱ्याला ओळखतं. म्हणून आज ठिपका दिसल्याबरोबर, बोट शोधायच्याही आधी, सवयीनं तिनं बोळा तोंडात घोळवला आणि कफावर दाबला. उचलला तेव्हा मोहरीएवढ्या डागाचा वाटाणा झाला होता. दुसरा बोळा घेतला. वाटाण्याचं बटण झालं, मधे गुलाबी, कडेला पिवळट. तिसरा बोळा दाबायच्या आधी तिनं डोळ्यांसमोर धरला, आणि तो आधीच गुलाबी होता.

"टोचली का?" मास्तरांनी मशीन न थांबवता विचारलं.

"हो."

"दाखव."

तिनं एक बोट पुढे केलं. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोट बघितलं, मग कफ बघितला, मग तिच्या हातातला बोळा. मशीन थांबलं. "हे बोट तर कोरं आहे," ते म्हणाले. "अगं, सुईचा काही दोष नाही यात. धागा ओवताना तू टोक तोंडात धरतेस ना, तिथून आलंय हे. किती दिवस चाललंय?"

"आजच."

"माझ्यासमोर कच्ची शिलाई घालू नकोस, लगेच उसवते."

"दोन महिने," ती म्हणाली.

"आणि महिना कितवा चाललाय?"

"सहावा संपत आला."

मास्तरांनी तिच्या हातातून सदरा काढून घेतला, घडी घातली, आपल्या मांडीवर ठेवला. "याचं मी बघतो. तू उठ. उद्या नाही, आत्ता."

रस्त्यावर ती भिंतीच्या सावलीनं चालत राहिली. पोटाखाली एक हात, दुसऱ्या हातात पिशवी. दोन महिने. रोज सकाळी दात घासताना ती नळ पूर्ण सोडायची, म्हणजे थुंकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये आणि बेसिनमधली लाली आपल्यालाही दिसू नये. नवऱ्यानं एकदा दाराबाहेरून विचारलं होतं, "आत काय धबधबा काढलायस काय?" आणि ती तोंड भरलेलं असताना हसली होती, त्या हसण्यात आरशावर बारीक लाल शिंतोडे उडाले होते. ते तिनं बाहीनं पुसले. का लपवत होती, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, पण तिला ते पक्कं माहीत होतं. लहानपणापासून घरात तिचं नाव डबी. गोल, झाकण लागलेली. डबीला कान दुखतो म्हणून नेलं तर डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. डबीला पाय मुरगळला, वजन कमी करा. एकदा डोळ्यात कचरा गेला होता तेव्हाही डॉक्टरांनी आधी डोळ्याकडे न बघता तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. हे सगळं ती शिवणघरात नकला करून सांगायची, सगळे हसायचे. पण पहिल्या वेळी, सातव्या महिन्यात, अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या एका दुपारी मूल आलं, दोन दिवस राहिलं आणि गेलं, तेव्हा कुणीतरी कुणाला तरी दाराशी हळू आवाजात तेच वाक्य म्हणालं होतं. त्याची नक्कल तिनं कधी केली नाही. तेव्हापासून अंगात काही बिघडलं की तिला आधी वाटायचं, हे सांगितलं तर ते वाक्य पुन्हा येईल. आता मात्र चालता चालता तिला दुसरंच काही वाटत होतं, आणि ते जास्त भयंकर होतं. ते वाक्य ऐकायला नको म्हणून दोन महिने जे झाकलं, ते झाकणाखाली आतवर, पोटातल्या बाळापर्यंत पोचलं असेल तर?

प्रसूती रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या वळणाला एक खोली होती. दर महिन्याला वर जाताना तिनं दारावरचा कागद वाचला होता: गरोदर स्त्रियांची हिरड्यांची व लाळेची तपासणी. लाळ हा शब्द असा दारावर लावलेला बघून तिला दर वेळी संकोच वाटायचा, आतले कपडे कुणी बाहेर वाळत घातल्यासारखा. सासूबाई फाटकाशीच उभ्या होत्या. तिनं वाटेत फोन केला होता आणि त्या तिच्याआधी पोचल्या होत्या, धापा टाकत, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"दाखवायचं तेवढं दाखव," त्या म्हणाल्या. "पण दाताला हात लावू द्यायचा नाही. पोटुशीनं दाताला हात लावू देऊ नये."

"हिरडी आहे, आई. दात नाही."

"भाडेकरू वेगळा असला तरी घर एकच. आणि रक्ताचं म्हणशील तर मलाही यायचं. एका मुलामागे एक दात द्यावाच लागतो बाईला. मी तीन दिले." त्यांनी ओठ बाजूला ओढून रिकाम्या जागा दाखवल्या. "हा तुझ्या नवऱ्याचा. सगळ्यात मोठी दाढ घेऊन आलाय, लबाड."

आत दातांच्या डॉक्टरीण बाई होत्या, लहानखुऱ्या, कपाळावर भिंगाचा चष्मा. त्यांनी आधी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. ती चढली. आकडा बाईंनी बघितला आणि वहीत लिहिला, मोठ्यानं वाचला नाही. उंची घेतली, लिहिली. मग खुर्चीत बसवून तोंडात आरसा घातला आणि एका बारीक सळईनं दाताच्या मुळाशी टेकवत टेकवत गेल्या, प्रत्येक ठिकाणी खोली मोजत, जशी ती स्वतः गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप फिरवायची. ती वाट बघत होती. आता येईल ते वाक्य. बाईंनी सळई ठेवली आणि म्हणाल्या, "दुखत असेल ना बरेच दिवस?"

तिच्या डोळ्यात एकदम पाणी आलं. इतकं साधं विचारलेलं तिला सोसवेना.

"गरोदरपणात हिरड्या सुजतात, पुष्कळ जणींच्या," बाई सांगू लागल्या. "पण तुमचं नुसतं सुजणं नाही. दात आणि हिरडीच्या मधे खोल फटी पडल्यात, तिथे जंतूंनी घर केलंय, आणि अंग त्यांच्याशी भांडतंय. अंगावर चरबी जास्त असली की अंगात तशीही एक मंद धग असते. दोन्ही धगी एकत्र आल्या, त्यातून पोटात बाळ, तर त्याची खूण लाळेत कशी दिसते, हे आम्ही शोधतोय. काही बायांच्या लाळेत ती धग ठळक दिसते. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही. द्याल का लाळ? सुई नाही, काही नाही. पाच मिनिटं."

"लाळेत काय दिसणार?" सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "ती काय, थुंकली की संपली."

"आजी, लाळ रक्तातूनच होते. गालाच्या आत आणि जिभेखाली ग्रंथी असतात, त्या रक्तातलं पाणी गाळून घेतात, त्यात आपलं काही घालतात. दिवसाला अर्धा लिटर, कधी लिटरभरही. रक्तात जे चाललंय त्यातलं बरंचसं तिथे उतरतं. आपण ते गिळतो म्हणून कळत नाही."

बाईंनी एक काचेची नळी दिली, तोंडाशी छोटं नरसाळं. मान खाली घालायची, ओठ किंचित उघडे ठेवायचे, बोलायचं नाही, चघळायचं नाही, गिळायचं नाही, थुंकायचंही नाही. जे येईल ते आपोआप पडू द्यायचं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बाजूला झाल्या.

पहिलं मिनिट काहीच आलं नाही. तोंड कोरडं ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली. उभं आयुष्य ज्या गोष्टीकडे तिनं लक्ष दिलं नव्हतं तिच्याकडे बघत बसल्याबरोबर ती लपून बसली, एखाद्या लाजऱ्या मुलासारखी. तिला बाबा आठवले. बाबा गाऊन प्रवचनं सांगायचे. सभागृहात माणसं दाटीनं बसलेली, बाबा उभे, एक ओळ गायची, मग तिच्यावर बोलायचं, मग परत गायची. सुरुवातीला त्यांचं तोंड असंच कोरडं पडायचं. ती पहिल्या रांगेत बसून त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघायची आणि तिचाही घसा सुकायचा. मग कुठल्यातरी क्षणी, सूर लागला की, बाबांच्या तोंडात पाणी यायचं. ते दिसायचं तिला. शब्द एकदम ओले व्हायचे. एकदा बाबांनी विचारलं होतं, देवानं माणूस मातीचा केला म्हणतात, पण माती तर कोरडी असते. मग ती मळायला त्यानं पाणी कुठलं घेतलं? माणसं हसली होती. एक म्हातारा मागून ओरडला होता, विहिरीचं. बाबा म्हणाले, विहीर नंतरची, बुवा, विहीर खणायला माणूस लागतो. आणि उत्तर न देता पुढची ओळ गायला लागले. घरी आल्यावर तिनं विचारलं होतं, सांगा ना कुठलं. बाबा म्हणाले, मला ठाऊक असतं तर मी गायलो असतो का, नुसतं सांगून बसलो असतो की.

आणि आता, खाली घातलेल्या मानेनं, जिभेखाली काहीतरी जमू लागलं. कोमट, निसरडं, कुणी न बोलावलेलं. ते ओठाच्या कडेशी आलं, थांबलं, लांब झालं आणि नळीत उतरलं. काचेच्या तळाशी पारदर्शक काही, त्यात केसाएवढी एक लाल रेघ. मग दुसरं आलं. ती बघत राहिली. कोण करतं हे? तिनं हात हलवला नव्हता, मनात काही आणलं नव्हतं. ती झोपते तेव्हा, भांडते तेव्हा, कुणाच्या खांद्याचं माप घेते तेव्हा, हे आत आपलं झरत असतं, रक्तातून गाळून, घोटाघोटानं, आणि ती न बघता गिळत असते. ज्या अंगाची तिला आयुष्यभर लाज वाटली, जे तिनं सैल कपड्यांखाली, विनोदांखाली झाकलं, ते अंग गाल फुगवून न बसता, कुणाची वाहवा न मागता, हे एवढं काम करत होतं. त्यात बिघाडाचीही खबर होती. तीही त्यानं लपवली नव्हती. दोन महिने रोज सकाळी लाल अक्षरात लिहून दाखवली होती, आणि हिनं नळ सोडला होता.

पहिलं मूल राहिलं त्या दोन दिवसांत एकदाच तिला त्याला काचेतून जवळून बघू दिलं होतं. एवढंसं तोंड. मिटलेलं. आणि ओठांच्या मधे एक बुडबुडा. लाळेचा. तो फुगला, त्यात खोलीतला दिवा उलटा दिसला, आणि फुटला. परत दुसरा आला. परिचारिकेनं कापसानं तो टिपला आणि तिला वाटलं, नको, राहू दे, तेवढंच तर त्यानं स्वतः केलंय. तेव्हा ती रडली नव्हती. आता तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब घसरला आणि तिनं मान पटकन बाजूला केली, नळीत डोळ्याचं पाणी पडू नये म्हणून. लाळ वेगळी, हे वेगळं. दोन्हीचा कारखाना एकच असला तरी. तिला हसू आलं. हसायची परवानगी नव्हती. तिनं ओठ तसेच उघडे ठेवले आणि पाचवं मिनिट संपेपर्यंत ती स्वतःतून पडणाऱ्या त्या थेंबांकडे, कुणीतरी गात असताना बसावं तशी, न हलता बसून राहिली.

बाईंनी नळी उजेडात धरली, झाकण लावलं, बर्फात ठेवली. "आता हिरड्या आतून साफ करायला हव्यात," त्या म्हणाल्या. "आज अर्ध्या, पुढच्या आठवड्यात अर्ध्या. थोडं बधिर करून. ते औषध गरोदर बायांना चालतं, आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना मी आत्ता फोन करून विचारते."

"नाही," सासूबाई उठल्या. "काही करायचं नाही. एक गेलंय आमचं. आता या पोटाला कुणी बोट लावायचं नाही."

"आजी, पोटाला कोण लावतंय."

"सगळं एकच आहे म्हणालात ना आत्ता? रक्तातून लाळ, लाळेतून हे, त्यातून ते? मग?"

बाईंनी स्टूल ओढलं आणि सासूबाईंच्या नाही, तिच्या समोर बसल्या. "हिरड्या बिघडलेल्या असल्या तर मूल लवकर यायची भीती थोडी वाढते, असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. साफ केल्यावर ती भीती जातेच, असं मात्र मी लिहून देणार नाही. तसं सिद्ध झालेलं नाही. साफ केल्यानं तुमचं दुखणं जाईल, दात टिकतील, आणि अंगातलं एक भांडण मिटेल. त्यानं बाळाला अपाय होत नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. बाकीचं माझ्या हातात नाही."

आत काहीतरी सरकलं. पाठ असेल किंवा टाच. तिनं पोटावर हात ठेवला. तिला वाटलं होतं, कुणीतरी येईल आणि सांगेल की हे केलंस तर ते राहील आणि नाही केलंस तर जाईल, मग ती डोळे मिटून करेल. असं कुणीच सांगत नव्हतं. मास्तर कापड कापताना कात्री टेकवायच्या आधी क्षणभर थांबायचे. एवढं मापलं, एवढं आखलं, तरी तो क्षण थांबायचेच. मग कापायचे. न कापता अंगरखा होत नाही.

"आई," ती म्हणाली, "मी दोन महिने रक्त लपवलंय. तुमच्यापासून, यांच्यापासून, वरच्या डॉक्टरांपासून. वजनाचं ऐकावं लागेल म्हणून."

सासूबाई खुर्चीजवळ आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच. "अगं ए डबे," त्या म्हणाल्या, "मला सांगायला काय झालं होतं? मी काय तागडी घेऊन बसले होते?" मग बाईंकडे वळून, "करा. पण मी इथेच उभी राहणार. आणि मला सगळं दिसलं पाहिजे."

"उभ्या राहा. मग तुमच्याही तोंडात एकदा बघते."

"माझ्यात बघण्यासारखं काय उरलंय? तीन खिडक्या आणि एक पडका दरवाजा."

त्या दिवशी अर्ध्या आणि आठवड्यानं अर्ध्या. खरवडल्याचा आवाज हाडातून डोक्यात जायचा. जीभ बधिर, ओठ कुणा दुसऱ्याचे. घरी तिनं नळ सोडणं बंद केलं, नवरा दारात उभा राहून रोज बेसिन बघायचा, पहारेकऱ्यासारखा, "आज फिकट आहे," म्हणायचा, "आज नाहीच बहुतेक." वरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, ते वाक्यही म्हटलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं, ते एक वाक्य होतं, खोटं नव्हतं, आणि तेवढंच खरंही नव्हतं. लाळ पुन्हा एकदा दिली. दुसरी नळी स्वच्छ दिसत होती, पण दिसण्यावर जाऊ नका, आत काय आहे ते यंत्र सांगेल, असं बाई म्हणाल्या. सव्विसावा आठवडा. सत्ताविसावा. दुपारी शिवणघरात बसलेली असताना ती मधेच थांबायची आणि आत कान लावायची. कोणत्याही ओढीला, कंबरेतल्या कोणत्याही कळेला ती सगळी गोळा व्हायची. रात्री देवाजवळ ती काही मागत नसे. मागायला शब्द लागतात आणि शब्द आले की त्यांच्यामागे पहिल्या मुलाची ती दुपार यायची. ती नुसती बसायची, तोंडात येईल ते गिळत, आणि तेवढ्यालाच प्रार्थना समजत असेल कुणी तर समजो.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात, ज्या वारी पहिलं मूल आलं होतं त्याच वारी, सोनोग्राफीची वेळ मिळाली. वार तिनं मागितला नव्हता. काळोख्या खोलीत पोटावर थंड लेप, त्यावर फिरणारं यंत्र, पडद्यावर राखाडी पाऊस. सासूबाई तिच्या पायाशी. तपासणाऱ्या डॉक्टरांना बोलायची सवय नव्हती. ते मापं घेत गेले, डोकं, मांडी, पोट, टिकटिक करत. वरपासून खालपर्यंत घट्ट बंद असलेलं गर्भाशयाचं तोंड बघून ते "हं" म्हणाले. त्या एका अक्षरासाठी ती गेले कितीतरी दिवस श्वास धरून होती हे तिला तो सोडल्यावर कळलं.

"लवकर यायची काही खूण?" तिनं विचारलं.

"आज तरी नाही."

आज. तिनं तो शब्द घेतला. पूर्ण घेतला, उद्या मागितला नाही.

डॉक्टरांनी यंत्र जरा तिरकं केलं. राखाडी पाऊस हटला आणि बाजूनं एक चेहरा आला. कपाळ, नाकाचा उंचवटा, हनुवटी. काहीच करत नव्हता तो. मग ओठ वेगळे झाले. तोंड उघडलं, जीभ हलली, मागे गेली, आणि गळ्यातून एक बारीक काळी धार खाली उतरताना दिसली. तोंड मिटलं. थोडं थांबून पुन्हा उघडलं.

"हे काय करतंय?" सासूबाई कुजबुजल्या.

"गिळतंय," डॉक्टर म्हणाले. "भोवतीचं पाणी. रोज गिळतात, सगळीच. थोडी त्याची स्वतःची लाळही असेल त्यात."

कुणी शिकवलं नव्हतं. आत कुणी जाऊन आलं नव्हतं. तिथे अंधारात, तिच्या त्या मोठ्या, थकलेल्या, सगळ्यांनी बोट दाखवलेल्या अंगाच्या मधोमध, बसून कुणीतरी घोट घेत होतं, सावकाश, एकामागून एक, जणू पुष्कळ वेळ आहे. सासूबाईंनी हात जोडले होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. पडद्यावर तोंड पुन्हा उघडलं, आणि तिला जाणवलं की आपलंही उघडं आहे, कधीपासून कोण जाणे, आणि ते भरून आलंय. पडद्यावरचं मिटेपर्यंत ती थांबली. मग तिनंही गिळलं.